पक्षकाराचं शिळं पाणी

अण्णासाहेबांनी चौतीस वर्षं अंबडच्या कोर्टात पुकारे केले. दारात उभं राहून त्यांनी नाव घेतलं की बाहेर टपरीवरचा पक्षकार हातातला चहा तसाच ठेवून धावत सुटायचा. असला दणदणीत आवाज निवृत्त होऊन घरी आला आणि एकदम मुका झाला. भाजीत मीठ कमी की जास्त, एवढंही माणूस सांगेना. त्यांच्या पत्नी बेबीनंदाबाईंनी त्या शांततेचा धसकाच घेतला होता.

मग एकदा ते पेन्शनच्या कामासाठी जालन्याला गेले आणि एसटीतून उतरले ते हातात प्लास्टिकची पिशवी सांभाळत. पिशवीत पाणी, आणि पाण्यात एक पांढराफटक बेडूक.

"अहो, लोक जालन्याहून मोसंबी आणतात!" बाईंनी कपाळाला हात लावला.

"शोभेच्या माशांच्या दुकानात एकलाच बसल्ता," अण्णासाहेब म्हणाले. "तारखेला आलेल्या पक्षकारावानी. मंग म्हणलं, चल बाबा घरी."

त्याचं नाव पक्षकार पडलं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या टाकीपुढं उभं राहून अण्णासाहेबांनी खणखणीत पुकारा केला, "पक्षकाऽऽर हाजिर हाय का?" बेडकानं एक तंगडी लांबवली. अण्णासाहेब पोट धरून हसले, आणि हसता हसता बाईंना कोर्टातला कुठलासा किस्सा सांगायला लागले. मग रोजचंच झालं. आधी पुकारा, मग किस्सा, मग चहात आलं जास्त पडल्याची तक्रार. बाई वरवर कुरकुरत, पण मनातून त्यांना त्या बेडकाची दृष्ट काढावीशी वाटे.

म्हणून त्याच्या पाण्याचं खातं त्यांनी स्वतःकडं घेतलं. गल्लीत बाईंच्या पाण्याचा मोठा दबदबा. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. ते आलं की जुनं शिळं पाणी अंगणात, पिंपं घासून लख्ख, आणि पिण्याच्या हंड्यात आरोग्यसेविकेनं दिलेल्या क्लोरीनच्या औषधाचे थेंब मोजून. तेच पाणी रोज पक्षकाराला. घरच्यांना चार थेंब, त्याला सहा. बाहेरचा जीव, त्याला काही बाधायला नको.

आठवड्याच्या आत पक्षकाराची रया गेली. पोट लालभडक झालं, अंगाचे पापुद्रे निघायला लागले, नाकासमोर गांडूळ धरलं तरी तोंड उघडेना. बाईंनी थेंब दहावर नेले. तर तो एका कुशीवर तरंगायलाच लागला. अण्णासाहेबांनी पुकारा बंद केला. त्या दुपारी वाटीतलं वरण संपलं तरी त्यांनी मागितलं नाही, आणि बाईंनी ओळखलं. हा बेडूक गेला तर हे माणूस पुन्हा बोलायचं नाही.

"उठा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जाऊ."

जनावरांच्या दवाखान्यात दोन म्हशी आणि एक शेळी ताटकळत होती. त्यांच्या मागं हे दोघं, स्टीलचा डबा घेऊन. डॉक्टर अंतरा तरुण होत्या आणि खरं बोलणाऱ्या. "माझ्याकडं आलेला हा पहिलाच बेडूक," म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. फोन झाल्यावर विचारलं, "पाणी कुठलं देता?"

बाई ताठ बसल्या. "नळाचं. रोज बदलून. वरून औषधाचे दहा थेंब. आम्ही पितो त्याच्यापेक्षा साफ!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. तुमच्या औषधानं त्याची कातडी भाजून निघालीय. नळाच्या पाण्यातही थोडं ते असतंच. याला शिळं पाणी द्या, दोन दिवस उघडं ठेवलेलं, म्हणजे ते उडून जातं. थेंब बिलकुल नको. तरी वाचेल का, ते आज सांगता येणार नाही."

परतीच्या वाटेवर बाईंनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "मीच मारून राह्यले हो त्याला."

"तुला काय म्हाईत होतं? माया करायला गेल्तीस तू," अण्णासाहेब म्हणाले. पण म्हणाले ते अगदी हळू.

मोरीतल्या उघड्या पिंपात फरशी पुसायला ठेवलेलं सहा दिवसांचं पाणी होतं. बाईंनी तेच टाकीत भरलं. दोन दिवस पक्षकार तसाच कलंडून राहिला. बाई स्वयंपाक सोडून दर घटकेला डोकावत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आला आणि गल्लीभर बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. शेजारच्या मालनबाई पाईप मागायला आल्या. ओट्यावर भरलेली बादली बघून म्हणाल्या, "हे शिळं हाय ना? ओतू का गटारीत?"

"हात लावू नका!" बाई कडाडल्या. मालनबाई दोन पावलं मागं सरल्या. या घरात शिळं पाणी जपून ठेवलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "पक्षकाऽऽर हाजिर हाय का?"

सगळी गल्ली दचकली. बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"हाजिर हाय! अगं, ये जल्दी! दोन गांडुळं खाल्ली त्यानं! एक न्हाई, दोन!"

बाईंना रडूच फुटलं. मालनबाई घाबरल्या. "काय झालं वं? कुणी आजारी हाय का घरात?"

"व्हतं एक माणूस," बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आता बोलाया लागलंय." आणि शिळ्या पाण्याची बादली उचलून त्या आत गेल्या.