काचेखालचा चीक

सुनंदाबाई सकाळी दूध तापवायला स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यावरची वाटी बघून त्यांनी नाकाला पदर लावला. वाटीत रात्रीच्या चहाचं काळंकुट्ट पाणी, त्यावर मेलेला तवंग, आणि तळाशी रुपयाएवढी एक पिवळी पडलेली चकती बुडालेली. शेजारी शेतातून आलेल्या केळीच्या घडाचा दांडा कापून उलटा टेकवला होता आणि त्याचा चीक बशीत ठिबकत होता. बशी, चमचा, ओटा सगळं चिकट झालं होतं.

"अहो, हे काय करून ठेवलंय? या वाटीत मी पुन्हा कुणाला आमटी वाढायची?"

लीलाधर भिरूड सर हातात शाळेच्या प्रयोगशाळेतला चिमटा घेऊन आले. "हात लावू नकोस. आबांचं घड्याळ आहे ते. त्याची तबकडी जुनी करतोय."

"आबांकडे घड्याळ कधी होतं?"

"परवापर्यंत होईल," सर म्हणाले आणि चकती उलटी करून पुन्हा बुडवली.

वाचकहो, हा सद्गृहस्थ जळगावच्या एका शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवत होता आणि दर शनिवारी मुलांना सत्यावर चार शब्द सांगत होता. म्हणूनच ही किळसवाणी हकीकत लिहून काढायची मला गरज वाटली. चोर चोरी करतो, त्याचं एक वेळ समजतं.

सरांचे वडील जीवराम आबा गेल्या मे महिन्यात वारले. सावद्याच्या पलीकडच्या खेड्यात त्यांनी जन्मभर केळी पिकवली. हात चालेनासे झाले तेव्हा शेत बटाईने देऊन ते आणि त्यांची बायको धुरपदाबाई मुलाकडे राहायला आले. त्यांना मागची खोली मिळाली. आबांना दिवसातून तीनदा रक्तदाबाची गोळी घ्यावी लागे आणि त्या खोलीत घड्याळ नव्हतं. शिवाय गावाकडे विहिरीवरच्या मोटारीची लाइट पाळीपाळीने येते, त्यामुळे वेळ विचारायची त्यांची खोड जुनीच. दर अर्ध्या तासाने ते दाराशी येऊन विचारत, "बाबू, किती वाजले?"

"आबा, तुम्हाला कुठं गाडी पकडायची आहे?" सर म्हणत. नातवंडंही तेच म्हणायला शिकली. घरात हशा पिके आणि आबासुद्धा हसत. ओशाळलेलं हसू कसं असतं ते आपण सगळ्यांनीच आपापल्या घरी पाहिलेलं आहे!

मग सरांनी बॅटरीवरचं नवं मनगटी घड्याळ घेतलं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं चावीचं जुनं घड्याळ मोकळं झालं. आबा एवढंच म्हणाले, "बाबू, ते जुनं मले दे." सर म्हणाले, "राहू द्या आबा, तुमच्याकडून हरवेल." घड्याळ टेबलाच्या खणात गेलं. तीन वर्षं ते तिथंच पडून होतं. त्याच खणासमोरच्या खोलीत आबा गेले.

आता त्याच घड्याळाला आबांचं करायचं चाललं होतं.

झालं असं होतं की शाळेच्या संस्थेने नवं वाचनालय बांधलं होतं, आणि सरांनी पुढाकार घेऊन त्याला आबांचं नाव द्यायला लावलं होतं. जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती आणि संस्थेच्या अध्यक्षांना संस्कार हा शब्द फार आवडे. सरांनी वर्षश्राद्धानिमित्त एक पुस्तिका छापली. तिच्यात लिहिलं, 'आबा घड्याळाच्या काट्यावर चालणारे होते. पन्नास वर्षं त्यांच्या मनगटावर एकच घड्याळ होतं.' अध्यक्षांनी वाचलं आणि ते गहिवरले. म्हणाले, "भिरूड सर, ते घड्याळ वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवू. तुमच्या मातोश्रींच्याच हातून!" एक खोटं लिहिलं, आता त्याला हातपाय लावणं भाग पडलं.

आधी सर नवी पेठेतल्या रतिलालकडे गेले. हा रतिलाल घड्याळं दुरुस्त करण्यात म्हातारा झालेला माणूस. त्याने घड्याळ हातात घेताच ओळखलं.

"हे तर तुमच्या लग्नातलं. दोनदा मीच साफ केलंय."

"याची तबकडी जुनी दिसायला हवी. पन्नास वर्षं वापरल्यासारखी. पिवळी, डागाळलेली."

"सर, लोक माझ्याकडे जुन्याचं नवं करायला येतात. उलटं काम सांगणारे तुम्ही पहिलेच. कशासाठी?"

"आबांची आठवण म्हणून."

रतिलालने डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. "आबांची आठवण माझ्याकडे आहे. त्या स्टुलावर बसायचे. रोज दुपारी काठी टेकत यायचे, भिंतीवरच्या घड्याळांकडे बघायचे आणि विचारायचे, यातलं खरं कोणतं? मी बोट दाखवायचो. मग माझ्या माठातलं पाणी घेऊन गोळी गिळायचे. मी म्हटलं, आबा, एक जुनं घड्याळ असंच घेऊन जा. तर म्हणाले, नको रतिलालशेट, माझ्या पोराकडे एक आहे, तो देणार आहे."

सरांनी स्टुलाकडे पाहिलं. क्षणभरच.

"जिवंतपणी ज्याला दिलं नाही, त्याला मेल्यावर देऊन काय उपयोग?" रतिलाल म्हणाला. "आणि तेही खोटं करून? आठवण नसेल तर नाही म्हणावं, सर. त्यात कमीपणा नाही. पण अशी आठवण बनवली की खरा माणूस पुसला जातो. हे काम माझ्या हातून होणार नाही."

"उपदेश नको. काम येत नसेल तर तसं सांगा," म्हणून सर उठले.

त्यांना पर्यायही लगेच सुचला. स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी त्यांनी एकदा राजाची सनद चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली होती. झाकण उघडून, काटे उपसून त्यांनी तबकडी रात्रभर चहात ठेवली. सकाळी ती कावीळ झाल्यासारखी एकसारखी पिवळी निघाली. मनासारखं जमलं नाही. मग ती गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात भाजली, उदबत्तीचा धूर दिला, आणि शेवटी आगकाडीला कापूस गुंडाळून केळीच्या चिकाचे डाग दिले. चीक लागला की जन्मात निघत नाही, हे केळीवाल्याच्या पोराला कुणी सांगायला नको. बोटाला थुंकी लावून ते डाग पसरवत होते. सुनंदाबाईंनी तोंड फिरवलं.

"तुम्हाला किळस येत नाही?" त्या म्हणाल्या.

"नाटकात रंग लावतात, तेव्हा येते का?"

तेवढ्यात धुरपदाबाई चहासाठी दाराशी आल्या. तबकडी बसवून सर काच घट्ट करत होते. त्यांनी घड्याळ आईपुढे धरलं. "माय, परवा तुला काही भाषण करायचं नाही. अध्यक्ष विचारतील, तेव्हा एवढंच म्हणायचं, हे त्यांचंच."

म्हातारीने घड्याळ न्याहाळलं. "हे तुह्यं लग्नातलं हे."

"हो, पण लोकांना काय माहीत?"

"मले माहीत हे ना."

"माय, माझ्या मुख्याध्यापकीचा प्रश्न आहे. आबांचंच नाव मोठं होणार आहे ना?"

धुरपदाबाई काही बोलल्या नाहीत. चहा न घेताच त्या मागच्या खोलीत गेल्या. सरांनी ते मौन होकार म्हणून धरलं. त्या घरात म्हाताऱ्यांच्या मौनाचा अर्थ नेहमी तसाच लावला जाई. दोन दिवस धुरपदाबाई नीट जेवल्या नाहीत. बावन्न वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्या नावाने चारचौघांत खोटं बोलायचं, की पोटच्या पोराची बढती घालवायची, हा पेच त्यांना सुटत नव्हता. त्याबद्दल त्यांना कुणी विचारलंही नाही.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पुढच्या रांगेत अध्यक्ष आणि संस्थेची मंडळी, मागे गावाकडून एसटीने आलेले केळीवाले शेतकरी. त्यांच्यात आबांचे साठ वर्षांचे सोबती उखर्डू नाना होते. सरांनी घड्याळ मखमलीवर ठेवून ते रांगांमधून फिरवायला दिलं. बायकांनी हात जोडले! एका शिक्षकाने डोळे पुसले! घड्याळ फिरत फिरत नानांच्या हातात आलं. नानांनी ते डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने काच घासून पाहिली.

"लीलाधर, हा त केयीचा चीक हे," नाना मोठ्यानं म्हणाले.

सरांना वाटलं, देव पावला. "हो नाना! आबांच्या बागेतला चीक! पन्नास वर्षांच्या कष्टांचा डाग आहे तो!"

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत नाना घड्याळ घासतच होते.

"पन बाबू, तो काचीखाली कसा गेला?"

मागच्या रांगांमध्ये कुजबुज झाली. ज्यांचं आयुष्य चिकाने बरबटलेले कपडे धुण्यात गेलं त्यांना हे समजायला वेळ लागला नाही. "चीक वरतून लागते," नाना म्हणाले, "आत कुनी लावला त लागते." कुणीतरी फस्सकन हसलं. अध्यक्षांच्या कपाळावर आठी आली.

"मातोश्री," ते धुरपदाबाईंकडे वळले, "तुम्हीच सांगा. हे घड्याळ जीवराम आबांचंच ना?"

सरांनी आईकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, हुकूम होता. धुरपदाबाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या.

"घळ्याय त्यायच्याकळे कव्हाच नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "त्यायनं मांगलं व्हतं. हेच मांगलं व्हतं. यानं देलं नही. ते रोज सकायी मले म्हनत, आज देईन लीलाधर. मरायच्या दिशीबी म्हने."

सर ताडकन उठले आणि त्यांनी माइक ओढला. "मंडळी, माझ्या आईचं वय झालं आहे. तिला हल्ली काही..."

इथं ते थांबले. 'आठवत नाही' एवढे दोनच शब्द उरले होते. ते बोलले असते तर कदाचित सुटलेही असते. पण माइक धरलेला स्वतःचा हात त्यांना दिसला. नखांच्या कडा चिकाने काळ्या पडल्या होत्या. साबणाने, रॉकेलने, लिंबाने घासूनही निघाल्या नव्हत्या. बापाला पुसून झालं होतं आणि आता त्याच हाताने ते आईला चारचौघांत वेडी ठरवायला निघाले होते. त्यांना त्या हाताची किळस आली. दुसऱ्या कुणाची किळस आली की माणूस नाक दाबून दूर जातो. स्वतःचीच आली तर जाणार कुठं?

"नाही," सर म्हणाले. "माय खरं बोलते. घड्याळ माझं आहे. डाग मी लावले. आबांनी मागितलं होतं आणि मी दिलं नाही. पुस्तिकेत लिहिलंय ते खोटं आहे."

टाळ्या पडल्या नाहीत, आणि पडूही नयेत! खरं बोलण्याची वेळ स्वतः आणून मग खरं बोलणाऱ्याचं कौतुक कसलं? अध्यक्ष थंडपणे म्हणाले, "पुढचं आपण नंतर बघू." जूनमध्ये मुख्याध्यापक दुसरेच झाले. काचेची पेटी रिकामीच परत गेली. उखर्डू नाना जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

घरी आल्यावर सर मागच्या खोलीत गेले. वर्षभरात ते तिथं किती वेळा बसले होते, हे मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. ते आईच्या खाटेशेजारी खालीच बसले. माफी मागायची होती, ती राहिलीच. शेवटी म्हणाले, "माय, तुला काय पाहिजे? मागायचं राहिलंय असं काही?"

"मले काय लागते, बाबू."

"असं नको म्हणू. सांग."

म्हातारी बराच वेळ पदराची कड चाळवत राहिली. मागावं की नाही, हे ठरवत होती. मग हळूच म्हणाली, "रावेरले माही बहीन हे. तिले भेटायचं व्हतं. दोन वर्सं झाले, सांगतच हे मी."

सरांनी आठवून पाहिलं. दोन वर्षांत हे वाक्य एकदाही कानावर पडल्याचं त्यांना आठवेना. आई रोज याच घरात बोलत होती, आणि याच घरात त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

"उद्या सकाळी निघू," ते म्हणाले.

"शाळा?"

"सुट्टी चालू आहे, माय."

"गेल्या सालीबी व्हती," धुरपदाबाई म्हणाल्या आणि लुगडी काढायला उठल्या.

नागरिकहो, आपल्या गावोगाव वर्षश्राद्धांच्या पंगती वाढताहेत, पुस्तिका छापल्या जाताहेत, मोठमोठ्या फोटोंना हार पडताहेत. पडू देत. पण हार घेऊन घरात शिराल तेव्हा आधी मागच्या खोलीत जा. तिथं बसलेल्या माणसाला काय हवं ते विचारा, आणि ते आजच द्या. मेलेला माणूस तुमच्या खोटेपणाला हरकत घेत नाही, म्हणून तर आपल्याला त्याचा एवढा पुळका येतो. जिवंत माणूस मागतो, पुन्हा पुन्हा मागतो, आणि एक दिवस मागायचं थांबतो. तो थांबला म्हणजे त्याची गरज संपली, असं समजणाऱ्याने शाळेत सत्य शिकवू नये आणि घरात श्राद्धही घालू नये!