सांगायला जाणारा माणूस

पांढुर्ण्याच्या बाजारात विनोदचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं, पण दुकानापेक्षा त्याचा मोबाईलच जास्त चालायचा. संत्र्याच्या भावाचा एक ग्रुप, कापसाच्या भावाचा दुसरा, मुलीच्या शाळेचा तिसरा, सासुरवाडीचा चौथा. पहाट झाली की फुलं, देव आणि सुविचार धडाधड येऊन पडायचे. दिवसभर पोती हलवून जेवढा जीव शिणत नव्हता, तेवढा या एका डबड्यानं शिणायचा. तरी हात खिशाकडे जायचाच.

त्यातल्या एका ग्रुपचा अॅडमिन तो स्वतःच होता. नाव ठेवलं होतं ‘जुनी गल्ली’. नदीजवळच्या ज्या गल्लीत तो लहानाचा मोठा झाला, तिथली सगळी पांगलेली मंडळी त्यानं हौसेनं शोधून शोधून गोळा केली होती. कोणी नागपुरात, कोणी छिंदवाड्यात, कोणी पार पुण्यात. सुरुवातीला फार गोड वाटलं. कोणीतरी भोवऱ्याचा फोटो टाकायचा, की खाली पन्नास जण लिहायचे, काय दिवस होते यार, आणि एकेक रडका चेहरा चिकटवायचे. गावात मात्र पोळ्याला येतो, दिवाळीला येतो, असं म्हणून कोणी फिरकत नसे. आणि दुसऱ्यांना कशाला नावं ठेवा? विनोद तर गावातच होता. बाजारापासून ती गल्ली चालत दहा मिनिटांवर, पण नव्या ले-आउटमध्ये घर बांधल्यापासून त्याचेही पाय तिकडे वळले नव्हते.

त्याच्या लहानपणी सगळ्या गल्लीत मिळून फोन एकच होता, तो यांच्या घरी. वडील, केशवराव, कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते, म्हणून मिळालेला. काळा, जड, ओसरीतल्या कोनाड्यात बसवलेला, वर आईनं विणलेला रुमाल. अख्ख्या गल्लीनं आपापल्या पाहुण्यारावळ्यांना तोच नंबर देऊन ठेवलेला. घंटा वाजली की केशवराव नाव ऐकून घ्यायचे, रिसीव्हर बाजूला ठेवायचे, आणि विनोद आणि गुलाब सुटायचे. गुलाब हा पलीकडच्या घरचा, पुष्पाकाकूंचा एकुलता एक. विनोद रस्त्यानं पळायचा आणि गुलाब भिंतीवरून, त्यामुळे नेहमी गुलाबच आधी पोचायचा आणि वर विनोदला चिडवायचा. मग कणकेच्या हातांनी, ओल्या केसांनी बाया धावत यायच्या आणि फोनमध्ये इतक्या मोठ्यानं बोलायच्या की फोनची गरजच काय, असं केशवराव म्हणायचे.

धावाधाव झाली की दोघं पुष्पाकाकूंच्या चुलीशी जाऊन बसायचे. अंगणवाडीतून त्या नुकत्याच आलेल्या असायच्या. कधी भाजलेले शेंगदाणे मिळायचे, कधी भाकरीवर तेल-तिखट. काहून आले रे, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्या गल्लीत कोणी कोणाकडे गेलं तर कारण विचारायची रीतच नव्हती. माणूस सहज यायचा, सहज बसायचा, आणि घरून हाक आली की उठायचा.

एका प्रकारचा फोन मात्र पोरांच्या वाट्याला येत नसे. कुठं कोणी गेल्याचा निरोप असला की केशवराव रिसीव्हर खाली ठेवायचे. मग टोपी घालायचे, गल्लीतल्या म्हाताऱ्या अंबाबाईंना सोबत घ्यायचे आणि स्वतः चालत जायचे. तिथं जाऊनही तोंडातून ‘मेला’ हा शब्द कधी काढायचे नाहीत. जरा सिरिअस आहे, निघावं लागेल, एवढंच. सगळ्यांना सगळं कळायचं, पण वाटेत सावरायला तेवढा वेळ मिळायचा. तोवर शेजारणी ओट्यावर येऊन बसलेल्या असायच्या. ज्या घरासमोर बाया अशा गोळा झाल्या, तिथं बातमी पोचली असं समजायचं. विनोदला हे कोणी शिकवलं नव्हतं, पाहून पाहूनच डोक्यात बसलं होतं.

त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मोबाईल वाजला म्हणून त्यानं सवयीनं पाहिलं. ‘जुनी गल्ली’वर नागपूरच्या नितीननं फोटो टाकला होता. रामाकोन्याजवळचा रस्ता, ट्रकच्या चाकाशी मोडून पडलेली मोटारसायकल, आणि कडेला पालथा पडलेला एक माणूस. खाली लिहिलं होतं, आपला गुलाब आहे का हा? आणि उत्तराची वाट न पाहता त्याखाली जोडलेले हात सुरूही झाले होते. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. एकानं तर दिवा पेटत राहणारं हलतं चित्र टाकलं होतं.

गुलाब सौंसरला बँकेत शिपाई होता, बायको रूपाली आणि मुलगा प्रतीक यांच्यासोबत तिथंच राहायचा. विनोदनं गुलाबला फोन लावला, कोणी उचलला नाही. मग रूपालीला लावला. तो तिच्या भावानं, अमितनं घेतला. मागं कोणीतरी ओरडून रडत होतं.

“भाऊजी गेले, इनोदभाऊ,” अमित म्हणाला. “आमी दवाखान्यातच हाओत. त्यायच्या आईले कोनीच सांगतलं नाई अजून. फोनवर नका सांगू, तुमी घरी जा. तिले घेऊन या.”

विनोद शटर अर्धंच ओढून उभा राहिला. पुष्पाकाकूही त्या ग्रुपवर होत्या. गुलाबनंच त्यांना मोठा मोबाईल घेऊन दिला होता, नातू दिसावा म्हणून, आणि गुलाबच्याच सांगण्यावरून विनोदनं त्यांना ग्रुपमध्ये घेतलं होतं. सौंसरला चल म्हणून गुलाब मागं लागला होता, पण त्या जुनं घर सोडायला तयार नव्हत्या. अंगणवाडीत उभा जन्म गेलेला, लिहिता-वाचता चांगलं यायचं. रोज सकाळी त्या बुद्धाच्या चित्रासकट सुप्रभात पाठवायच्या आणि विनोद त्यावर जोडलेले हात पाठवून मोकळा व्हायचा. त्यालाच तो विचारपूस समजत आला होता.

अॅडमिन म्हणून त्यानं फोटो काढून टाकला. श्रद्धांजल्या काढायला घेतल्या, तर एक काढेपर्यंत दोन नव्या येत होत्या. नितीनला फोन करून बोलला, तेव्हा नितीन म्हणाला की त्याला कुठून तरी आला, त्यानं पुढं पाठवला, त्यात त्याचं काय चुकलं. रडवेला झाला होता तोही. विनोदला भांडायचं बळ नव्हतं. त्यानं ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं करून टाकलं, गाडीची किल्ली घेतली आणि निघाला.

दुपारी काकू झोपतात, तो गाडी चालवताना स्वतःला सांगत होता. मोबाईल चार्जिंगला लावून झोपतात. दिसला नसेल. आपण जायचं, गुलाबला लागलंय म्हणायचं, सिरिअस आहे म्हणायचं, पातळ बदला म्हणायचं. बाबा करायचे तसंच. सौंसर येईपर्यंत त्या समजतील काय समजायचं ते. गुलाब भिंतीवरून पळायचा ते त्याला सारखं आठवत होतं, आणि डोळे पुसायला एक हात मोकळा ठेवावा लागत होता. त्या मोबाईलच्या आधी आपण पोचलं पाहिजे, एवढं एकच मागणं त्यानं मागितलं. कोणाजवळ मागितलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडी गल्लीत जाईना, म्हणून ती तोंडाशीच लावून तो पायी निघाला. गल्ली ओळखू येत नव्हती. अर्ध्या घरांत भाडेकरू, दारं लोटलेली, आत टीव्ही चालू. त्याची नजर मात्र थेट पुष्पाकाकूंच्या ओट्यावर गेली. ओटा रिकामा होता. एक बाई नाही, दाराशी एक चप्पल नाही. विनोदनं सुटकेचा श्वास सोडला. आपण वेळेत आलो होतो.

दार उघडंच होतं. पुष्पाकाकू खाटेवर ताठ बसल्या होत्या, झोपेतून उठलेल्या दिसत नव्हत्या. मोबाईल मांडीवर होता आणि त्यावर दोन्ही हात असे ठेवलेले, की तो सुटून जाऊ नये. त्याला पाहून त्या उठल्या नाहीत. किती वर्षांनी आला, असंही म्हणाल्या नाहीत. नुसत्या त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

विनोदनं वाटेत जुळवलेलं वाक्य तोंडात घोळवलं. “काकू,” तो म्हणाला, “गुलाबले जरासं…”

“थांब,” त्या म्हणाल्या. “बोलू नको. बस आंधी.”

तो खाली फरशीवर बसला, लहानपणी बसायचा तिथंच. काकूंचा आवाज अगदी साधा होता. मगाशी मोबाईलवर एक फोटो आला, असं त्या सांगू लागल्या. शर्ट गुलाबच्या शर्टासारखाच वाटला. लोकांनी काय काय लिहिलं, तेही वाचलं. मग एकाएकी फोटोच मिटून गेला आणि लोकांचं लिहिणंही थांबलं. गुलाबला फोन लावला, लागला नाही. रूपालीनं उचलला नाही.

“मी दाराकडंच पाहून राहिली,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, खरं असतं तं कोनी ना कोनी आलं असतं. आपल्या गल्लीत असं कधी झालं का, का मानूस गेलं अन् सांगाले कोनी आलंच नाई? तुहा बाप असता तं कवाचा आला असता. कोनीच नाई आलं. म्हनून मी रडली नाई. म्हटलं, खोटं असन. मोबाईलवर काईबी येते.”

विनोदला मान वर करवेना. बाहेरचा रिकामा ओटा पाहून आपण जो श्वास सोडला, तोच रिकामा ओटा ही बाई आतून पाहत होती आणि त्याच्याच आधारानं इतका वेळ तग धरून होती. एवढा वेळ तिचा मुलगा जिवंत होता. कोणी आलं नाही तोपर्यंत होता.

आणि आता तो आला होता. मधल्या वर्षांत दहादा आला असता, सणावाराला डोकावला असता, शेंगदाणे खाऊन गेला असता, तर आज त्याच्या येण्याचा काही एकच अर्थ निघाला नसता. त्याची त्याला इतकी लाज वाटली, की मित्र गेल्याचं दुःखही क्षणभर मागं पडलं. थकून गेला होता तो, या सगळ्या बोलण्यानं, लिहिण्यानं, हात जोडण्यानं. एकदा नुसतं येऊन बसता आलं असतं.

काकूंनी मोबाईल खाटेवर बाजूला ठेवला आणि वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“इनोद,” त्या म्हणाल्या, “तू लहानपनी येत होता, तसाच आला ना आज? सहजच आला ना?”

त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की कोणीही हो म्हटलं असतं. विनोदनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“नाई, काकू,” तो म्हणाला.