झाकणाची बादली

गावकचेरीत गरम पाइपाला पाठ लावून बसणाऱ्या साहेबा, आधी तुझ्याशीच बोलायचं आहे. वरच्या आळीला कचऱ्याची गाडी चढत नाही असं तू तीन हिवाळे सांगतो आहेस. तुझ्या भाच्याच्या लग्नाच्या बारा गाड्या त्याच चढावरून हॉर्न वाजवत गेल्या, तेव्हा बर्फही तोच होता आणि रस्ताही तोच होता. कचेरीच्या दाराला तू कागद चिकटवलास, 'घर व परिसर स्वच्छ ठेवणे ही गृहिणींची जबाबदारी आहे.' शहरातून बाया आल्या, शाळेतल्या मुलींना पॅडचे पुडे वाटून गेल्या, त्या फोटोत तू मधोमध उभा राहिलास. वापरल्यावर ते कुठे जातात हे तू विचारलं नाहीस. तुझ्याही घरात तीन बायामाणसं आहेत. तोंड फिरवू नकोस, ऐक.

उलबोल्सुनच्या घरातून ते कुठेच जात नव्हते.

उलबोल्सुन म्हणजे इथल्या बोलीत 'मुलगा होऊ दे'. तीन मुलींवर चौथी झाली तेव्हा बापाने हे नाव ठेवलं, आणि दुसऱ्याच कुणाला तरी बोलावणारं नाव घेऊन ती बावन्न वर्षं जगत आली होती. सासरी आली तेव्हा सासूने तिला पहिल्याच महिन्यात नियम सांगितले होते. बाईचं रक्त विस्तवात टाकायचं नाही, कूस जळते. वाहत्या पाण्यात टाकायचं नाही, खालचं गाव तेच पाणी पितं. पुरुषाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. धुवायचं, आणि दिवस उगवायच्या आत, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी आपल्या हाताने पुरायचं. उलबोल्सुनने ते पाळले. जुन्या गोधडीच्या अस्तराच्या चार घड्या तिला दोन-दोन वर्षं पुरत. विरल्या की शरदात एखादी पुरायची, तेव्हा माती भुसभुशीत असायची. नियम फडक्याचे होते. फडकं गेलं, प्लास्टिक आलं, नियम मात्र तसेच राहिले. ते बदलायला हवेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि जिच्या आलं ती सून होती.

नोव्हेंबरातली साधी सकाळ होती. उलबोल्सुन रोट्यांवर फडकं घालत होती आणि सून गुलायीम वाडग्यांत मिठाचा चहा ओतत होती. तिचा दोन वर्षांचा अर्सेन तिच्या पदराशी होता. नवरा कुबान मॉस्कोत गोदामात माल चढवायला होता, दीड वर्ष झालं होतं.

"आपा, एक विचारू?" इथे आईलाही आपा म्हणतात आणि सासूलाही.

"ओतता ओतता विचार. हात कशाला थांबवतेस?"

"दवाखान्यातली नर्स म्हणाली, ते कागदात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवायचे. संडासात नाही, चुलीत नाही. प्लास्टिकचा धूर पोराबाळांच्या छातीत बसतो म्हणाली. शुक्रवारी गाडी खालच्या रस्त्याला येते. मी पिशवी घेऊन उतरेन."

"भर गावातून? पाठीवर तुझं ते घेऊन? आणि कुणी विचारलं, सूनबाई, पिशवीत काय, तर?"

"कचरा म्हणेन."

"या आळीतल्या बायकांना कचऱ्याचा वास नाकाने येत नाही, कानाने येतो." उलबोल्सुनने रोटी मोडली. "आणि बादली कुठून आणायची?"

"लाल झाकणाची आहे की. न्हाणीघरात ठेवीन, कोपऱ्यात."

"ती कोबीची आहे. कोबी खारवतो त्यात आपण."

"दुसरी आणू."

"आणि तुझ्या सासऱ्यांनी झाकण उघडलं म्हणजे? हात धुवायला जातात ते तिथे. नको. पुरायचं, सगळ्या पुरतात तसं."

"जमीन गोठली, आपा. कुदळ मारली की नुसती वाजते."

"आमच्या वेळी जमीन काय लोण्याची होती?"

बोलता बोलताच उलबोल्सुनला कळलं की आपण खोटं बोललो. गोठल्या जमिनीत तिने कधीच काही पुरलं नव्हतं. पण सासूने एकदा नाही म्हटलं की मागे फिरायची या घरात रीत नव्हती. संडासाचं तर नाव काढायची सोय नव्हती. तो खड्डा जोल्चुने, तिच्या नवऱ्याने, दोन उन्हाळे पहारीने खडक फोडून खणला होता. त्यात कागद टाकलेला त्याला खपत नसे.

डिसेंबरात उलबोल्सुनची धाकटी, तेरा वर्षांची अक्मारल, शाळेतून कोटाची मागची बाजू दप्तराने झाकत आली. ती आईकडे आली नाही, वहिनीकडे गेली. न्हाणीच्या दिवशी उलबोल्सुनच्या लक्षात आलं आणि तिने लक्षात आलं नाही असं केलं. तिच्या आईनेही तेच केलं होतं. नणंद-भावजय दोघी शनिवारी गोठ्यात जाऊन काय कुजबुजतात, हेही तिने विचारलं नाही. बर्फ वितळेपर्यंतची गोष्ट आहे, मग पुरतील, एवढंच ती मनाशी म्हणाली.

फेब्रुवारीत जोल्चुची गाभण मेंढी रवंथ करेनाशी झाली. दोन दिवसांत पोट ढोलासारखं ताठलं. तिसऱ्या सकाळी मान टाकली, तेव्हा जोल्चुने धावत सुरी आणली आणि श्वास जायच्या आत, देवाचं नाव घेऊन गळ्यावर फिरवली. म्हणजे निदान मांस तरी हलाल होईल. पोटात जुळी होती. दोन्ही हाती लागली नाहीत.

शेजारचे दोघे पुरुष कातडं सोडवायला आले. शेजारीण बात्मा आतडी धुवायला बाह्या सरसावून बसली. गुलायीम किटली घेऊन सासऱ्याच्या हातावर कोमट पाणी ओतत होती. बात्माने कोठा चिरला.

"अगंबाई, ही काय गादी खाऊन मेली की काय?"

"गवताचा गोळा असेल," एक शेजारी म्हणाला.

"असं गवत तुमच्याकडे उगवतं का? माझ्याकडे नाही उगवत." तिने काडीने उचलून धरलं. पाणी पिऊन फुगलेला, दह्यासारखा लिबलिबीत लगदा होता, आणि त्याला प्लास्टिकची पट्टी. पट्टीवर निळी फुलं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. मग तिला कळलं आणि ती गप्प झाली. बात्मा गप्प झाली म्हणजे अंगणाला कळलं.

पुरुषांनी डोंगराकडे पाहिलं. किटलीची धार जोल्चुच्या हातावरून सरकून बर्फात पडत राहिली.

सासरा सुनेशी असल्या गोष्टी बोलत नाही. जोल्चु बायकोला म्हणाला, "हिला विचार, हे कुणाचं."

उलबोल्सुनला विचारावं लागलं. "कुणाचं गं?"

गुलायीमने एकदा खिडकीकडे पाहिलं. काचेमागे अक्मारल उभी होती, चुन्यासारखी पांढरी.

"माझं, आपा," गुलायीम म्हणाली.

"कुठे ठेवलं होतंस?"

"गवतामागे. धुऊन, पोत्यात घालून. माती सुटली की पुरणार होते. उंदरांनी पोतं कुरतडलं असेल."

मेंढ्या मिठासाठी भिंतही चाटतात. रक्ताची खारट चव धुतली तरी जात नाही. हे मेंढपाळ माणसाला सांगावं लागत नाही.

"जा, घेऊन ये ते," जोल्चु बायकोला म्हणाला.

गोठ्यात अंधार होता. उलबोल्सुनने गवत ओढलं, पोतं बाहेर काढलं, तोंड सोडलं. अर्ध्याअधिक पुड्या वर्तमानपत्राच्या होत्या. बाकीच्या चौकटीच्या वहीच्या पानांत गुंडाळल्या होत्या. त्या पानांवर अपूर्णांकांची गणितं होती, आणि सात आकड्याला आडवी रेघ मारायची ती अक्मारलची लकब.

 मग तिने वहीच्या पुड्या एकेक करून वेचल्या, कोटात घातल्या, मागच्या दाराने घरात गेली आणि चुलीचं झाकण सारून सगळ्या आत लोटल्या. तीस वर्षांत तिने जे केलं नव्हतं ते केलं. चूल फुसफुसली, काळा जळका वास खोलीभर पसरला. कूस जळेल हे तिच्या मनात आलंच नाही. परत जाऊन तिने उरलेलं पोतं उचललं आणि पुरुषांसमोर बर्फावर आणून टाकलं.

बात्मा पोत्याकडे पाहत म्हणाली, "तीन-चार महिन्यांचं ना हे? आणि मेंढीच्या पोटातलं वेगळं. एकटीचं एवढं?"

"हिचं जास्त जातं," उलबोल्सुन म्हणाली.

तेवढे तीन शब्द पुरले.

मांस कुत्र्यांना गेलं. गावात दुपारपर्यंत मेंढी मागे पडली आणि गुलायीमने चाऱ्यात रक्त मिसळून घरावर करणी केली इथपर्यंत गोष्ट पोचली. जोल्चुने मॉस्कोला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मागे गोदामातली यंत्रं घरघरत होती.

"तुम्ही म्हणाल ते, अता," कुबान म्हणाला. बापाला तो आजवर दुसरं काही म्हणाला नव्हता.

"तिच्या आईने शिकवलं नाही ते शिकवू दे. नेऊन घाला माहेरी. पोरगा आमचा, तो इथेच राहील," जोल्चु म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुलायीमचा भाऊ गाडी घेऊन आला. तो मान खाली घालून उभा राहिला, चहासुद्धा मागितला नाही. उलबोल्सुनने अर्सेनला कडेवर घट्ट धरलं होतं. गुलायीमने पोराला हात लावला नाही. लावला असता तर सोडवला नसता.

"रात्री खोकतो तो, आपा," ती म्हणाली. "छातीला चरबी कोमट करून लावा. तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका."

एवढंच. अक्मारलचं नाव तिने गाडीत बसेपर्यंत काढलं नाही, आणि उलबोल्सुननेही काढलं नाही. बोलली असती तर काय झालं असतं? जोल्चुने पोरीची शाळा बंद केली असती. बात्माने आळीभर केलं असतं, मग तिला कोण मागायला येणार. हे सगळं खरं होतं. पण परक्याच्या लेकीचं पोर तोडून आपली लेक झाकायची, हेही खरं होतं, आणि त्याला तिच्या सासूने कुठलाच नियम सांगून ठेवला नव्हता.

अर्सेन दाराशी बसू लागला. हाक मारी, थांबे, पुन्हा मारी. खोकून खोकून झोपे. शुक्रवारी खालच्या रस्त्याला कचऱ्याची गाडी आली, पाच मिनिटं थांबली, निघून गेली.

आठव्या दिवशी उलबोल्सुन कणीक मळत होती. बाहेरच्या खोलीत जोल्चु शेजाऱ्यांबरोबर चहाला बसला होता. उद्या सुनेच्या बापाला निरोप धाडायचा, संबंध तुटला असं कळवायचं, हे तिथे ठरत होतं. भिंत पातळ होती. अक्मारल आत आली आणि दार लोटून चुलीपाशी उभी राहिली.

"आपा, माझ्या वहीची पानं तू जाळलीस."

"कसली पानं?"

"मी खिडकीत होते तेव्हा चुलीच्या खोलीतून धूर आला. चुलीच्या तोंडाशी एक कोपरा राहिला होता. माझा सात होता त्यावर."

"हळू बोल."

"हळूच बोलते आहे. वहिनीला माहीत होतं अर्धे माझे आहेत. तिने सांगितलं नाही. तुलाही माहीत होतं. तूही सांगितलं नाहीस. दोघींचं सारखंच आहे का ते?"

उलबोल्सुनचे हात कणकेत रुतले होते. "तुझ्यासाठी केलं मी, पोरी. तुला कळत नाही."

"अर्सेन मला आई म्हणाला काल रात्री. झोपेत." पोरीने दार नीट लोटलं आहे का पाहिलं. "मला या महिन्याचं आलंय, आपा. सकाळपासून एकच आहे. बदललं नाही मी. बदलून ठेवू कुठे?"

भिंतीपलीकडे कुणीतरी हसलं, वाडगा खाली ठेवल्याचा आवाज झाला. जोल्चुने चहासाठी हाक मारली.

उलबोल्सुन उठली नाही. अक्मारलने चहाची किटली उचलली, दाराला हात लावला आणि वळून आईकडे पाहिलं.

"मी बाहेर चालले आहे. अर्धे माझे होते, हे अतांना तू सांगतेस की मी सांगू?"