अवलंबितांचा रकाना

फेब्रुवारी आला की आमच्या शाळेतले निम्मे मास्तर भाडेकरू होतात. बापाच्याच घरात राहायचं, बापाच्याच नावाची भाडेपावती जोडायची आणि पगारातून कापला जाणारा इन्कम टॅक्स वाचवायचा. मी टेंभुर्णीतल्या खोलीचं महिन्याला तीनशे भाडं देते आणि तीनशेचीच पावती जोडते. आमचे क्लार्क कचरूभाऊ त्यावरून मला दरवर्षी हसतात.

यंदा, १९९९ साली, मात्र त्यांनीच फॉर्मातला एक रकाना दाखवला. घरातलं अपंग माणूस आपल्यावर अवलंबून असेल तर सूट मिळते, म्हणाले. तुमची माय दोन्ही डोळ्यांनी आंधळी, जालन्याहून डॉक्टरचं सर्टिफिकेट तेवढं आणा बेबीनंदाबाई, टॅक्स निघायचाच नाही.

पैसे वाचले असते तर बरंच होतं, पण मला खरा हवा होता तो रकाना. नवऱ्याने नांदवलं नाही म्हणून मी डी.एड. केलं, नोकरी धरली, आणि नऊ वर्षांपासून माय माझ्याकडे आहे. कुणी विचारलं की ती सांगते, आले चार दिवस लेकीकडं, जाईन. लेकीच्या घरचं खाणं तिला कमीपणाचं वाटतं. तिच्या लुगड्यांचं गाठोडं नऊ वर्षं बांधलेलंच आहे. धुतलेलं लुगडं ती चाचपडत पुन्हा त्यातच ठेवते आणि गाठ मारते. त्या गाठोड्याचा मला संताप येतो. माझी माय साळूबाई कुणाच्या घरी राहते, कोण तिला सांभाळतं, हे निदान सरकारच्या कागदावर तरी लिहिलं जावं, एवढीच माझी हाव होती.

सर्टिफिकेटची चौकशी करायला मी जालन्याला गेले. दवाखान्यातल्या बाईंनी मायचं नाव-गाव विचारलं, रजिस्टर चाळलं आणि सांगितलं, यांचं गेल्या वर्षीच दिलंय की, मुलगा घेऊन गेला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, मुलाच्या आयकरासाठी.

मुलगा म्हणजे माझा थोरला भाऊ बद्रीनाथ. जालन्यातच कचेरीत नोकरीला आहे. नऊ वर्षांत एकदाच, गेल्या वर्षीच्या जानेवारीत, जीप करून आला. मायचे डोळे मोठ्या डॉक्टरला दाखवतो म्हणाला. संध्याकाळी तिला आणून सोडलं, सोबत पाव किलो जिलबी. तेव्हापासून माय गल्लीभर सांगत असते, बद्रीनं हाताला धरून नेलं, आता ऑपरेशनची तारीख येईल.

परतीच्या एसटीत माझं डोकं तापलं होतं. एकाच आईवर दोघांची सूट निघाली की चौकशी लागणार आणि बद्री नोकरीत गोत्यात येणार. येऊ दे, म्हटलं. खरं लिहायला मी का भ्यावं?

घरी आल्या आल्या मायला सगळं सांगून टाकलं. मुद्दाम लागेल असं सांगितलं. तुझ्या डोळ्यांसाठी नाही, स्वतःच्या टॅक्ससाठी नेलं त्यानं, फसवलं तुला.

माय गहू निवडत होती. डोळे नसले तरी बोटांना खडा बरोबर लागतो तिच्या. हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "डागदर माझ्याम्होरंच बोलला, आता दिसणार न्हाई म्हणून. अंगठा मीच देला."

"मंग गल्लीभर काय सांगत फिरतीस?"

"हाताला धरून तर नेलं ना त्यानं. त्याच्या कचेरीत तरी लिव्हलंय, माय माझ्याजवळ राह्यते म्हणून." एक खडा बाजूला टाकून हळूच म्हणाली, "तू नको लिहू, बेबे. तिथलं माझं नाव खोडायला लावू नको."

"आन मी कोण मंग?"

"तुझं काय? तू तर करूनच राह्यलीस की."

मला तिचा इतका राग आला की त्या संध्याकाळी चूलच पेटवू नये असं वाटलं. पण पेटवली. तिला मऊ लागते म्हणून भाकरी दुधात कुस्करून दिली, आणि ती निवांत जेवली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. घरभाडं तीनशे. अवलंबित व्यक्ती, निरंक. खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी आहे. त्याखाली सही केली. त्या महिन्याचा पगार कापून निम्माच येणार होता.

कचरूभाऊंनी कागद दोनदा पाहिला. माय कुठं गेली मंग, त्यांनी विचारलं.

"भावाकडं असते," मी म्हणाले. "माझ्याकडं आलीय चार दिवस."