शुक्रवारची फेरी

बाबा गेल्यानंतर सोळाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, त्यांचा निरोप त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना गेला. ‘नमस्कार, या आठवड्यात येऊन जातो. – हरिहर.’ तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपोआप जावा अशी सोय मीच दोन वर्षांपूर्वी करून दिली होती. ती बंद करायचं मला सुचलं नव्हतं.

बहुतेकांनी समजून घेतलं. चाकणच्या ज्योतीरामभाऊंचं मात्र उत्तर आलं, ‘शुक्रवारी वाट बघतो, दादा.’ ते महिनाभर गावी, उदगीरकडे होते. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. हे फोनवर सांगणं मला जमेना.

बाबा लेथ मशीनचं कूलंट विकत. लोखंड कापताना तापू नये म्हणून पाण्यात मिसळून सोडतात, ते दुधासारखं दिसणारं तेल. लहान कारखान्यांच्या शेडना गुरुवारी सुट्टी असते. दिवसभर मशीन बंद राहिलं की टाकीतलं कूलंट आंबू लागतं, आणि शुक्रवारी सकाळी झाकण उचललं की ते अजून किती टिकेल हे वासावरून कळतं. म्हणून बाबांची फेरी शुक्रवारची. आधी मशीनपाशी जायचं, वास घ्यायचा, चालवणाऱ्याच्या हातांवर पुरळ आलंय का पाहायचं. मालकाशी बोलणं सगळ्यात शेवटी. धंद्याच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी एक डबाही विकला नव्हता. लोकांच्या टाक्या धुऊन दिल्या होत्या.

मी मार्केटिंग शिकले. मारुंजीत भाड्याने राहते, हिंजवडीत तेच काम करते; बाबा पिंपळे गुरवच्या घरी राहत. बाबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा म्हटलं, आता फिरणं पुरे, निरोप पाठवत जाऊ. निरोप शुक्रवारी जाऊ दे, एवढंच ते म्हणाले. सोमवारचे जास्त वाचले जातात, असे आकडे मी त्यांच्यापुढे ठेवले. ते ‘बरं’ म्हणाले. ऑर्डरी येत राहिल्या आणि मी ऑफिसात ते अभिमानाने सांगितलं. ते अचानक गेल्यावर मात्र एकच गोष्ट डोक्यातून जाईना. तीस वर्षांचं काम मी त्यांच्या हातून काढून घेतलं होतं का?

शुक्रवारी शेडच्या दारात मला पाहून ज्योतीरामभाऊंनी आधी माझ्या मागे पाहिलं. मी सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं आणि ते उलट्या क्रेटवर बसले.

मग मी विचारलं, बाबांची शेवटची भेट कधी झाली होती?

“गावी निघायच्या आदल्या दिवशी. शुक्रवारच होता.”

“दोन वर्षं बाबा फिरत नव्हते, भाऊ.”

“कोण म्हणलं? दर शुक्रवारी यायचे की. पिंपळे गुरवहून बस बदलत. मी म्हणायचो, दादा, पोरीचा मेसेज पोचलाय, कशाला हेलपाटा? तर म्हणायचे, मेसेजला नाक नसतं रे. पण तिला बोलू नको, हौसेनं करून दिलंय तिनं.”

शुक्रवारी अकराला मी त्यांना फोन करायचे. मागे घरघर ऐकू यायची. शेजारी बांधकाम चाललंय, ते म्हणायचे. दोन वर्षं चाललेल्या त्या बांधकामाबद्दल मी कधी काही विचारलं नाही. दमल्यासारखे वाटत, तर म्हणत, बागेत जास्त फिरलो.

ज्योतीरामभाऊ उठले आणि त्यांनी टाकीचं झाकण उचललं. सवयीनेच उचललं असावं, कारण मग ते अवघडून तसेच उभे राहिले.

मी पुढे झाले, वाकले.

“कसं वाटतंय, ताई?”

“मला कळत नाही.”

“दादांनाबी पहिलं वर्षभर कळत नव्हतं. स्वतःच सांगायचे.”

मला नुसता तेलाचा वास येत होता. मी आणखी खाली वाकले.