आपट्याची हजेरी

दसऱ्याला तीन दिवस उरले होते. शीलाबाईंनी तिसरीच्या वर्गाला फर्मान सोडलं, "उद्या प्रत्येकाने आपट्याची दहा पानं आणायची. दहा-दहाचे गठ्ठे करू, बेरजा करू, मग झाडावर वाक्यं लिहू." बाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या गावी आपटा बांधाबांधावर, त्यामुळे शाळेच्या गावात, कोलशेतात तो मिळेल की नाही हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

वर्गात पोरं बत्तीस. म्हणजे तीनशे वीस पानं, हा हिशेब झाला आणि वर्गातल्या निशिगंधाला घोर लागला. कारण गावात आपटा एकच, तिच्या आजोबांनी, म्हणजे काळुरामांनी दारात लावलेला. झाड कसलं, तिच्याहून वीतभर उंच रोप. गेल्या दसऱ्याला गाववाल्यांनी आणि शेजारच्या उंच टॉवरांत राहणाऱ्यांनी मिळून ते असं ओरबाडलं की नुसत्या काड्या उरल्या. यंदा पुन्हा तसं झालं तर ते मरणार, असं आजोबा उठताबसता म्हणत.

घरी येताच तिने दप्तर फेकलं आणि झाड मोजायला घेतलं. मोजलेल्या पानाला खडूचा ठिपका, दहा झाली की जमिनीवर एक रेघ. शेवटी अठरा रेघा झाल्या आणि वर सहा पानं. तीनशे वीस भरतच नाहीत, हे आता बाईंना सांगता येणार होतं. तिला इतका आनंद झाला की ती जागच्या जागी नाचली.

सकाळी हजेरीच्या आधीच ती उभी राहिली. "बाई, गावात एकच झाड आहे. त्याला एकशे शहाऐंशी पानं आहेत. आपल्याला एकशे चौतीस कमी पडतात. आणि सगळी तोडली तर झाड मरेल."

वजाबाकी म्हटलं की रडणारी ही पोरगी. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मग पानं इकडे कशाला? आपणच तिकडे जाऊ."

अख्खा वर्ग झाडाभोवती गोळा झाला. विनीतची मोजणी एकशे ऐंशी, ऐश्वर्याची एकशे ब्याण्णव, त्यावरून हमरीतुमरी, आणि तिसऱ्यांदा सगळ्यांची बरोबर एकशे शहाऐंशी. मग वाक्यं. निशिगंधाची वाक्यं पुठ्ठ्यावर उतरवून कुंपणाला बांधली:

"हे झाड लहान आहे. याला १८६ पानं आहेत. आम्ही मोजली आहेत. दसरा झाला की परत मोजणार आहोत."

दसऱ्याला पिशव्या घेऊन माणसं आली. निशिगंधा ओट्यावर पहारा देत बसलेली. माणसं वाचत, मान खाजवत आणि आल्या पावली परत जात.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत पोरं हजर. मोजून झालं, एकशे पंच्याऐंशी. एकच कल्ला उठला. जो तो दुसऱ्याचे खिसे तपासू लागला.

"मीच तोडलं," आजोबा पुढे येत म्हणाले. "सणाला सोनं नको का द्यायला?"

"कोणाला दिलंत?" निशिगंधाचा आवाज चढला.

सोनं लहानांनी मोठ्यांना द्यायचं आणि पाया पडायचं, ही रीत. आजोबांनी खिशातून पान काढलं आणि दोन्ही हातांनी नातीपुढे धरलं.

"यंदा तू मोठी गो," ते म्हणाले.