वारा नसलेला तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशीही वारा पडलेलाच होता. समोरच्या दलदलीत हजारभर रानहंस चरत होते आणि आम्ही वाळुंजाच्या फांद्यांच्या आडोशाला बंदुका मांडीवर घेऊन नुसते बसलो होतो. वारा नसला की बार काढायचा नाही. आवाज पाण्यावरून फार दूर जातो आणि हंस जागा सोडतात ते पुढच्या वसंतापर्यंत. बार कधी काढायचा हे होझियामामा ठरवतो, शिकारीच्या तळावरची सहा कुटुंबं ऐकतात.

मला मात्र उद्या सकाळी निघायचं होतं. नदीवरचा बर्फ कुजलेला, त्यावरून जाणं धोक्याचं, म्हणून हेलिकॉप्टर येणार होतं. मावशी शहरात, एक दिवसाआड डायलिसिसला. वसंतातला हा तळ चुकण्याची तिची ही पहिलीच वेळ. "एक हंस आण," एवढंच म्हणाली होती.

मी दर दहा मिनिटांनी उठून वाऱ्याचा वेग मोजत होते.

"मॅडम, यंत्रावर फुंकर मारा," मामेभाऊ गिडियन म्हणाला.

"गप रे. तुझ्या घोरण्यानं उडाले नाहीत हेच नशीब."

"बसा दोघं," मामा म्हणाला. "बोलावला म्हणून येतो का वारा?"

दुपारी ते दोघं चहा आणायला तळाकडे गेले. मी शेजारच्या उंचवट्यावर चढले. आकडा वाढला: सेकंदाला साडेतीन मीटर. वाळुंजाचे शेंडे हलत होते. चार हंस माझ्याच दिशेने आले. एवढा वारा पुरे, असं मी ठरवलं.

एक पडला. पण झुळूक तेवढीच होती. बाराचा आवाज दलदलभर पसरत गेला आणि पाठोपाठ सगळे हंस उठले. पंचवीस मिनिटं मी घड्याळ बघत होते. एकही परतला नाही.

मामा आला तो चालत, सावकाश. रिकाम्या दलदलीकडे बघत उभा राहिला.

"मामा, उंचवट्यावर साडेतीन होता."

"हंस उंचवट्यावर चरत होते का गं?"

त्यानं हंस उचलला, पंख नीट मिटवले, मान पंखाखाली सारली आणि माझ्या हातात दिला. अजून गरम होता.

"मावशीला दे. बाकीच्यांना मी सांगतो."

पिसं उपटायला बसली की मावशी दर हंसामागे एकच प्रश्न विचारते: वारा कुठला होता?

"नको, मीच सांगते," मी म्हणाले.

पहिला तंबू मामीचा होता. तिनं चूल पेटवली होती. वर हंस टांगायची दोरी बांधून तयार होती.